ई-मेलच्या वाहतुकीची उकल : नेटवर्क विश्लेषकासाठी आज्ञावली कशी लिहितात

‘पत्र पोहोचले की नाही’ हा प्रश्न कार्यालयीन व्यवहारात नवा नाही. कागदी टपालात त्याचा निकाल आवक-जावक नोंदवहीतील एका ओळीवर, रजिस्टर टपालाच्या पोचपावतीवर किंवा लखोट्यावरील शिक्क्यावर लागत असे. आता पत्रव्यवहाराचा मोठा भाग ई-मेलने चालतो. समजा, एका खेड्यातील शाळेने शिष्यवृत्तीचे अर्ज शेवटच्या दिवशी सायंकाळी ई-मेलने रवाना केले. शाळा म्हणते, अर्ज मुदतीत पाठविले. कार्यालय म्हणते, अर्ज आलेच नाहीत. दोन्ही पक्ष प्रामाणिक असू शकतात. परंतु विद्यार्थ्यांचे वर्ष या उत्तरावर अवलंबून असते, आणि ते उत्तर शोधावयाचे तर वाटेत संगणकांचे आपसात काय बोलणे झाले हे पाहावे लागते.

हे बोलणे वाचून दाखविणाऱ्या साधनास नेटवर्क विश्लेषक म्हणतात. विश्लेषकाला मात्र कोणतीही भाषा उपजत येत नाही. प्रत्येक प्रकारच्या संभाषणाची उकल करणारी स्वतंत्र आज्ञावली कोणीतरी लिहून त्यास जोडावी लागते. ई-मेलच्या संभाषणासाठी अशी आज्ञावली कशी लिहितात, त्यात कोठे चुका होतात आणि त्या चुकांची किंमत काय असते, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

विश्लेषकाची थोडक्यात ओळख

संगणकाच्या तारेतून अथवा बिनतारी जाळ्यातून जाणारी माहिती अखंड जात नाही. तिचे लहान लहान तुकडे पाडले जातात. अशा तुकड्यास पॅकेट म्हणतात. इथरनेट जाळ्यावर एका पॅकेटात साधारणतः १५०० बाइट मावतात. त्यातील पत्त्यांचा व नियंत्रणाचा भाग वजा जाता प्रत्यक्ष मजकुरासाठी सुमारे १४६० बाइट उरतात. एक लाख बाइटांचे पत्र त्यामुळे सुमारे ६९ पॅकेटांत विभागले जाते.

ही पॅकेटे पकडून वाचणारे ‘टीसीपी-डम्प’ हे साधन अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास तयार झाले. पुढे १९९८ मध्ये जेरल्ड कोम्ब्स यांनी ‘इथिरिअल’ नावाचा विश्लेषक सर्वांसाठी खुला केला. २००६ मध्ये त्याचे नाव ‘वायरशार्क’ असे झाले. त्याची आज्ञावली कोणालाही पाहता व सुधारता येते. म्हणून नवशिक्याने उकल करण्याचे तंत्र शिकावयाचे तर वायरशार्क हेच सोयीचे माध्यम होय. त्यात उकल करणाऱ्या प्रत्येक भागास ‘डिसेक्टर’ असे म्हणतात. आपण त्यास ‘विच्छेदक’ म्हणू. तो सी या भाषेत लिहिता येतो. शिकणाऱ्यासाठी १९९३ मध्ये ब्राझीलमध्ये निर्माण झालेली लुआ ही सोपी भाषाही चालते.

संगणकांचे संभाषण कसे असते?

ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याचा जो ठरीव नियम आहे त्यास एसएमटीपी म्हणतात. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेली त्याची नियमावली ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २००८ ची आहे. या नियमाचे वैशिष्ट्य असे की त्यातील आज्ञा साध्या अक्षरांत असतात व प्रत्येक उत्तराच्या आरंभी तीन अंकी क्रमांक असतो.

संभाषण पुढील क्रमाने चालते. जोडणी होताच स्वीकारणारा सर्व्हर ‘२२०’ म्हणजे ‘सिद्ध आहे’ असे कळवितो. पाठविणारा ‘ईएचएलओ’ ही आज्ञा देऊन आपली ओळख सांगतो. उत्तरादाखल ‘२५०’ येतो. मग ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेने प्रेषकाचा पत्ता व ‘आरसीपीटी टू’ या आज्ञेने प्राप्तकर्त्याचा पत्ता कळविला जातो. प्राप्तकर्ते तीन असतील तर ही दुसरी आज्ञा तीनदा द्यावी लागते. हे दोन पत्ते म्हणजे पत्राचा बाहेरचा लखोटा होय. पत्राच्या आत जे ‘प्रति’ आणि ‘प्रेषक’ लिहिलेले असते ते याहून निराळे असू शकते. नंतर ‘डेटा’ ही आज्ञा होते. सर्व्हर ‘३५४’ म्हणजे ‘मजकूर पाठवा’ असे सांगतो. मजकूर संपला की स्वतंत्र ओळीवर केवळ एक टिंब पाठविले जाते. त्यावर पुन्हा ‘२५०’ आला म्हणजे पत्र स्वीकारले गेले.

या शेवटच्या ‘२५०’ चे महत्त्व फार मोठे आहे. तो दिल्यानंतर पत्र पुढे पोहोचविण्याची, किंवा पोहोचविता न आल्यास तसे प्रेषकास कळविण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर येते. ‘४’ ने सुरू होणारे उत्तर तात्पुरत्या अडचणीचे असते व पाठविणाऱ्याने पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो. ‘५’ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे कायमचा नकार. शाळा आणि कार्यालय यांच्या वादाचा निर्णय या तीन अंकांत दडलेला असतो. विच्छेदकाने तो अचूक वाचला पाहिजे.

आज्ञावलीचा आराखडा

वायरशार्कमधील विच्छेदकाचे तीन भाग असतात. पहिल्या भागात आपण कोणत्या गोष्टी वाचून दाखविणार आहोत त्यांची नोंदणी करावयाची असते. आज्ञेचे नाव, आज्ञेचा तपशील, उत्तराचा क्रमांक, उत्तराचा मजकूर अशा प्रत्येक घटकास एक स्थिर नाव दिले जाते. हे नाव पुढे शोधासाठी उपयोगी पडते. उदाहरणार्थ, हजारो पॅकेटांतून ‘५५०’ हा क्रमांक असलेली उत्तरे तेवढी वेगळी काढता येतात.

दुसऱ्या भागात हा विच्छेदक कोणत्या वाहतुकीस लावावयाचा हे सांगावे लागते. सर्व्हरांमधील ई-मेल २५ क्रमांकाच्या पोर्टवर येते. वापरकर्ता आपले पत्र प्रथम आपल्या सर्व्हरकडे सोपवितो ते ५८७ किंवा ४६५ या पोर्टवर. तिसरा भाग प्रत्यक्ष उकलीचा असतो. विश्लेषक त्यास बाइटांचा एक साठा देतो. विच्छेदकाने त्यातील ओळी ओळखून त्यांचे घटक पडद्यावरील वृक्षरचनेत मांडावयाचे असतात.

ओळ कोठे संपते हे दोन बाइटांवरून कळते : १३ आणि १०. पहिल्यास ‘कॅरेज रिटर्न’ व दुसऱ्यास ‘लाइन फीड’ असे नाव आहे. ज्यांनी टंकलेखन यंत्र चालविले आहे त्यांना पहिल्या नावाचा उगम सांगावयास नको. येथवरचे काम सोपे वाटते. खरी परीक्षा यापुढे आहे.

चार अवघड जागा

पहिली अवघड जागा तुटलेल्या ओळींची. टीसीपी ही वाहतूक-व्यवस्था बाइटांचा क्रम राखते. वाक्यांच्या सीमा राखत नाही. त्यामुळे एक ओळ दोन पॅकेटांत तुटू शकते. ‘२५’ एका पॅकेटाच्या शेवटी आणि ‘०’ पुढच्याच्या आरंभी, असेही घडते. अशा वेळी घाईने उत्तर वाचणारी आज्ञावली ‘२५’ हा अर्थहीन क्रमांक दाखवील. योग्य रीत अशी की ओळीचा शेवट सापडला नाही तर विच्छेदकाने विश्लेषकास ‘अजून एक तुकडा हवा’ असे कळवावे आणि अपुरी ओळ कोठे सुरू होते ते स्थान सांगून थांबावे. पुढचे पॅकेट येताच विश्लेषक दोन्ही तुकडे जोडून पुन्हा विच्छेदकाच्या हाती देतो.

दुसरी अवघड जागा संदर्भाची. मजकूर चालू असताना त्यातील एखादी ओळ आज्ञेसारखी दिसू शकते. पत्रलेखकाने एखाद्या ओळीत केवळ ‘क्विट’ हा इंग्रजी शब्द लिहिला तर ती संभाषण संपविण्याची आज्ञा ठरत नाही. म्हणून विच्छेदकाने प्रत्येक जोडणीसाठी ‘आपण आता आज्ञा वाचत आहोत की मजकूर’ याची नोंद ठेवली पाहिजे. येथे नवशिके हमखास फसतात. विश्लेषक फाइल उघडताना पॅकेटे क्रमाने वाचतो हे खरे. परंतु पुढे वापरकर्ता चाळिसावे पॅकेट पाहून मग एकदम पाचव्याकडे वळतो आणि प्रत्येक वेळी विच्छेदक नव्याने चालविला जातो. संदर्भाची नोंद एकाच ठिकाणी बदलत ठेवली तर पाचव्या पॅकेटाचा अर्थ चाळिसाव्याच्या संदर्भाने लावला जाईल. यास्तव पहिल्या क्रमवार वाचनातच प्रत्येक पॅकेटाच्या आरंभी काय स्थिती होती ते त्या पॅकेटापाशी नोंदवून ठेवावे आणि पुढे केवळ त्या नोंदीवर विसंबावे.

तिसरी अवघड जागा आज्ञा व उत्तरे यांची सांगड घालण्याची. वेळ वाचविण्यासाठी पाठविणारा सर्व्हर अनेक आज्ञा एकाच पॅकेटात भरू शकतो. त्याची रीतसर नियमावली सप्टेंबर २००० ची आहे. समजा, प्रेषकाची एक, प्राप्तकर्त्यांच्या दोन व ‘डेटा’ अशा चार आज्ञा एकदम गेल्या आणि उत्तरे आली : २५०, २५०, ५५०, ३५४. यातील ‘५५०’ दुसऱ्या प्राप्तकर्त्यास मिळालेला नकार आहे. पत्र मात्र पहिल्यास जाते व अखेरीस ‘२५०’ ही येतो. केवळ शेवटचे उत्तर पाहणारा म्हणेल, पत्र दोघांनाही पोहोचले. म्हणून विच्छेदकाने आज्ञांची रांग ठेवावी आणि प्रत्येक उत्तर रांगेतील पुढच्या आज्ञेशी जोडावे. उत्तरही एकाहून अधिक ओळींचे असू शकते. क्रमांकानंतर आडवी रेघ असेल तर उत्तर पुढे चालू आहे आणि रिकामी जागा असेल तर ती त्याची शेवटची ओळ आहे, असा संकेत आहे. तो ध्यानात घेतला नाही तर रांगेचा मेळ बिघडतो.

चौथी अवघड जागा टिंबाची. मजकुराचा शेवट स्वतंत्र ओळीवरील टिंबाने होतो हे वर आलेच आहे. पण पत्रातच अशी ओळ असेल तर? त्यासाठी नियम असा की टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे पाठविणाऱ्याने आणखी एक टिंब जोडावे व स्वीकारणाऱ्याने ते काढून टाकावे. शेवटाची खूण म्हणजे १३, १०, ४६, १३, १० हे पाच बाइट, याच क्रमाने. काही सर्व्हर मात्र १३ नसलेल्या, केवळ १० या बाइटाने संपणाऱ्या ओळीही मान्य करीत. डिसेंबर २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की पाठविणारा एका खुणेस शेवट मानीत नाही व स्वीकारणारा मानतो, अशा विसंगतीचा लाभ घेऊन एका पत्राच्या पोटात दुसरे बनावट पत्र दडवून पाठविता येते. त्यानंतर अनेक सर्व्हर-आज्ञावल्यांत दुरुस्त्या झाल्या. विच्छेदक लिहिणाऱ्याने यातून घ्यावयाचा धडा असा : ओळीचा शेवट सदोष असेल तर तो मुकाट्याने गोड मानून घेऊ नये. तो जसा आहे तसा दाखवून त्यापुढे इशारा नोंदवावा.

पत्रे वाचण्याचे नियम

सर्व्हरवर जमा झालेली पत्रे आपल्या संगणकावर वाचण्यासाठी पॉप आणि आयमॅप असे दोन नियम आहेत. पॉपचा विच्छेदक तुलनेने सोपा आहे, कारण त्यात होकार व नकार अशी दोनच प्रकारची मुख्य उत्तरे असतात. आयमॅपमध्ये प्रत्येक आज्ञेस पाठविणारा एक खूणचिठी लावतो व तिचे अंतिम उत्तर त्याच खुणेने परत येते. त्यामुळे सांगड घालणे सुलभ होते. परंतु त्यात महिरपी कंसात बाइटांची संख्या देऊन तितके बाइट जसेच्या तसे पाठविण्याची सोय आहे. तेथे ओळ शोधत न बसता ती संख्या मोजून पुढे जावे लागते.

ही संख्या परक्या संगणकाकडून आलेली असते. म्हणून तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. कोणी मुद्दाम चारशे कोटी हा आकडा लिहिला तर तेवढी स्मृती राखून ठेवण्याचा प्रयत्न करणारी आज्ञावली कोसळेल. विच्छेदकाने हाती असलेल्या बाइटांपलीकडे कधीही वाचू नये आणि प्रत्येक फेरीत किमान एक बाइट तरी पुढे सरकावे; नाहीतर तो एकाच जागी फिरत राहील. याच कारणास्तव वायरशार्कमध्ये पॅकेटे पकडण्याचे काम, ज्यास संगणकाचे विशेष अधिकार लागतात, उकलीच्या कामापासून वेगळे ठेवलेले आहे. उकल करणारा भाग विशेष अधिकारांवाचून चालवावा, असा त्याचा दंडक आहे.

देवनागरी पत्रांची विशेष बाब

मराठी वाचकांच्या दृष्टीने एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मूळ नियमावलीत केवळ इंग्रजी अक्षरांचा विचार होता. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ व वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. त्यांचे पंधरा बाइट होतात. पत्राच्या विषयात असा शब्द आला की पुष्कळदा त्याचे बेस-६४ या पद्धतीने रूपांतर केले जाते. दर तीन बाइटांची चार इंग्रजी अक्षरे होतात आणि पंधरा बाइटांची वीस. त्यामुळे विश्लेषकात मूळ विषयाऐवजी अक्षरांची निरर्थक वाटणारी माळ दिसते. सलग देवनागरी शब्दाच्या माळेत ‘४, के, एस’ किंवा ‘४, के, डब्ल्यू’ ही तीन चिन्हे पुनःपुन्हा येतात, त्याचे कारण देवनागरी चिन्हांचे पहिले दोन बाइट ठराविकच असतात. ही खूण ध्यानात ठेवल्यास मजकूर देवनागरी आहे हे उलगडण्याआधीच ताडता येते.

फेब्रुवारी २०१२ च्या नियमावलीने ई-मेलच्या पत्त्यातही इतर लिपींची अक्षरे वापरण्याची सोय झाली. ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले. आता विच्छेदकाने पत्त्याचा घटक केवळ इंग्रजी अक्षरांचा मानला तर देवनागरी पत्त्याच्या जागी प्रश्नचिन्हांचे चौकोन उमटतील. आज्ञावली लिहिताना त्या घटकाची पद्धत यूटीएफ-८ अशी नोंदविणे, एवढीच दक्षता पुरेशी आहे. तीन बाइटांचे एक चिन्ह दोन पॅकेटांत तुटू शकते, म्हणून तुकडे जोडल्यावरच अक्षरे वाचावीत.

‘नाही’ आणि ‘दिसले नाही’

आता आरंभीच्या वादाकडे वळू. पकडलेल्या फाइलीत शेवटचा ‘२५०’ आढळला नाही तर शाळेचा दावा खोटा ठरतो काय? तसे मुळीच नाही. जागा वाचविण्यासाठी कधी कधी प्रत्येक पॅकेटाचे आरंभीचे थोडेच बाइट साठविले जातात. कधी भाराखाली काही पॅकेटे पकडावयाची राहून जातात. पॅकेट मुळात किती लांबीचे होते व त्यापैकी किती साठविले, अशा दोन संख्या फाइलीत असतात. विच्छेदकाने ‘पाठविले गेले नाही’ आणि ‘पकडले गेले नाही’ यांतील भेद या संख्यांवरून स्पष्ट दाखविला पाहिजे. हा भेद पुसणारी आज्ञावली निरपराध्यास दोषी ठरवू शकते.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. ई-मेल टप्प्याटप्प्याने जाते आणि प्रत्येक टप्प्याचा ‘२५०’ वेगळा असतो. शाळेच्या सेवादात्याने दिलेला ‘२५०’ म्हणजे कार्यालयाच्या सर्व्हरने दिलेली पोच नव्हे. शिवाय पॅकेटावरील वेळ पकडणाऱ्या संगणकाच्या घड्याळाची असते. ते घड्याळ दहा मिनिटे पुढे असेल तर मुदतीत आलेला अर्ज मुदतीबाहेरचा दिसेल.

गुप्तता व कायदा

विश्लेषकाचे सामर्थ्य हाच त्याचा धोकाही आहे. कूटबद्ध न केलेल्या जोडणीवर पत्राचा शब्द न् शब्द दिसतो. परवलीचा शब्द बेस-६४ मध्ये गेला म्हणून तो गुप्त राहिला, असे समजू नये. ते केवळ लेखनाचे रूपांतर आहे. कोणासही ते क्षणात उलटविता येते. खरे संरक्षण टीएलएस या कूटबद्ध पद्धतीने मिळते. ४६५, ९९३ व ९९५ या पोर्टांवर ती आरंभापासून लागू असते. २५ व ५८७ वर ‘स्टार्ट-टीएलएस’ या आज्ञेनंतर ती सुरू होते. त्या आज्ञेस ‘२२०’ हे उत्तर आल्यावर पुढचे बाइट विच्छेदकाने स्वतः वाचू नयेत, ते टीएलएसच्या विच्छेदकाकडे सोपवावेत. आपल्याच सर्व्हरच्या अथवा प्रयोगासाठीच्या वाहतुकीची किल्ली नोंदवून ठेवली असेल तरच पुढचा मजकूर उलगडतो. म्हणून कूटबद्ध जोडणीच्या तपासात सर्व्हरच्या नोंदवहीचा आधार घ्यावा लागतो.

मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या अनुज्ञेवाचून संगणकात किंवा जाळ्यात प्रवेश करणे अथवा त्यातील माहिती उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कार्यालयात तपासणी करावयाची असल्यास लेखी आदेश घ्यावा, आवश्यक तेवढीच वाहतूक पकडावी आणि काम संपताच फाइल रीतसर सुरक्षित ठेवावी किंवा नष्ट करावी.

शिक्षकांना सूचना

महाविद्यालयात वा तंत्रनिकेतनात हा विषय शिकविताना दोन संगणक व एक स्वतंत्र जाळे पुरेसे आहे. विद्यार्थ्यांनी आपापसात काल्पनिक पत्रे पाठवावीत, लुआ भाषेत ओळी वाचणारा लहानसा विच्छेदक लिहावा आणि मग त्यास मुद्दाम छळावे : ओळ मध्येच तोडावी, मजकुरात आज्ञेचा शब्द घालावा, विषय मराठीत लिहावा, पॅकेट अर्धे कापावे. वायरशार्कसोबत येणाऱ्या ‘एडिटकॅप’ या साधनाने साठविलेल्या पॅकेटांत यादृच्छिक चुका पेरता येतात. या सर्वांतून जी आज्ञावली न कोसळता निभावते आणि जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ असेच दाखविते, ती विश्वासास पात्र समजावी. पंचनामा लिहिणाऱ्याकडून आपण जी अपेक्षा करतो तीच येथेही आहे : जे आढळले तेवढेच नोंदवावे आणि जे आढळले नाही त्याबद्दल तर्क करू नये. एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज मुदतीत आला होता की नाही हे अशा नोंदीवरून ठरावयाचे असेल तेव्हा या शिस्तीचे मोल कोणालाही कळून येईल.